ध्येयाची वही आणि धंद्याची पुस्तके

दिवाळी चार दिवसांवर आली की जुन्नरच्या बाजारपेठेत लाल कापडी बांधणीच्या चोपड्या दुकानांच्या दर्शनी फळीवर येऊन बसतात. खरा हिशेब आता संगणकात असतो, हे दुकानदाराला ठाऊक असते आणि गिऱ्हाइकालाही. लक्ष्मीपूजनाला संगणकालाही हल्ली हळदकुंकू लागते, नाही असे नाही. पण पाटावरचा मान अजून चोपडीचाच. या चोपडीची मला आवडणारी गोष्ट अशी की, तिला दोन बाजू असतात. एक जमेची, दुसरी नावेची. आपण मनाशी जे संकल्प सोडतो त्यांना मात्र एकच बाजू असते. यंदा घर बांधायचे, धंदा काढायचा, मुलाला परदेशी पाठवायचे, हे सगळे जमेकडे. त्यापायी काय जाणार, किती जाणार आणि काय मुळीच जाऊ द्यायचे नाही, हे लिहायला कोणी पान राखीत नाही.

मी मराठीची प्राध्यापिका. ज्ञानेश्वरीपासून नवकथेपर्यंत शिकवते. मग धंद्याच्या आणि ध्येयाच्या पुस्तकांत हिचे काय काम, असे वाचकांना वाटेल. काम एवढेच की, आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथखरेदी समितीवर मी आहे. वाणिज्य शाखेच्या सहकाऱ्यांनी पाठ्यपुस्तकांची यादी द्यायची आणि ‘इतर वाचन’ मी पाहायचे, अशी आमची वाटणी झालेली आहे. ग्रंथालयात एक मागणीवही आहे. ज्याला जे पुस्तक हवे त्याने ते तीत लिहायचे. एके काळी तीत ‘स्वामी’ आणि ‘मृत्युंजय’ ही नावे ओळीने दिसत. गेली काही वर्षे निराळाच प्रकार आहे. पुस्तकाचे नाव आठवत नसले की मुले नुसता विषय लिहितात: ‘यश’, ‘ध्येय’, ‘बिझनेस’. एकाने तर ‘मोठे होण्याचे पुस्तक’ एवढेच लिहिले होते. त्या नोंदीपाशी मी बराच वेळ थबकले.

माझे काही सहकारी या मागणीला हसतात. मला हसू येत नाही. ही मुले कोण? कोणाच्या घरी कुकडीच्या पाण्यावरचा दीड एकर, कोणाच्या घरी घोड नदीकाठचा ऊस, कोणाचे मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली. (आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचे नाव ते गावच धरणात गेले, तालुक्याची कचेरी आहे घोडेगावला.) भावाभावांत वाटण्या होता होता जमीन एकरांवरून गुंठ्यांवर आलेली. नोकरीची शाश्वती नाही. तेव्हा असे मूल ‘मी धंदा करीन’ म्हणते ते काही हौसेने नव्हे. आणि असल्या एखाद्या पुस्तकातले वाक्य त्याने खरे मानले, तर त्या वाक्यापायी घरची जमीन गहाण पडू शकते. कादंबरी वाईट निघाली तर दोन संध्याकाळी वाया जातात. धंद्याचे पुस्तक वाईट निघाले तर विहीर जाते.

वास्तविक हिशेब आम्हाला नवा नाही. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गायी, घोडे आणि कार्षापणे यांचे आकडे तीत कोरलेले आहेत. पश्चिम भारतातल्या अतिशय जुन्या अंकलेखनाचा नमुना म्हणून अभ्यासक तिकडे पाहतात. घाटमाथ्यावर एक दगडी रांजण आहे, जकातीचे पैसे त्यात टाकीत असे सांगतात. जुन्नरच्या लेण्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याचा लेख आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याचाही आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसांनी आपल्या मनातली थोर स्वप्ने दगडावर कोरली नाहीत. किती खोल्या, किती टाकी, कोणाकडे किती ठेव, हे कोरले.

आजचे उदाहरण हवे असेल तर गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला यावे. तमाशाच्या फडांच्या राहुट्या तिथे लागतात आणि गावोगावची यात्रेची मंडळी सुपारी ठरवायला येतात. चैत्र-वैशाखातल्या यात्रांच्या रात्री मोजक्या. त्यांत फडाचे वर्ष उभे राहायचे. कलावंतांना उचल दिलेली असते, गाड्यांना डिझेल लागते, तंबूला माणसे लागतात. राहुटीत बसलेल्या मालकाला कोणी ‘तुमचे ध्येय काय?’ असे विचारले तर तो बहुधा तुमच्याकडे पाहत राहील. पण इतक्या तारखा गेल्या, इतक्या उरल्या आणि इतके देणे आहे, हे तो वही न उघडता सांगेल. मला वाटते, ध्येय म्हणतात ते हेच.

आता ध्येयाविषयीची एक गोष्ट, जी वक्तृत्वस्पर्धेत कोणी ना कोणी सांगतेच. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात म्हणे १९५३ साली पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांना विचारले, तुमच्यापैकी किती जणांनी आपले ध्येय लिहून ठेवले आहे? फक्त तीन टक्के निघाले. वीस वर्षांनी पुन्हा पाहिले, तो त्या तीन टक्क्यांची संपत्ती उरलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांच्या एकूण संपत्तीहून जास्त! टाळ्या पडतात. गोष्ट झकासच आहे. फक्त ती घडलेली नाही. खुद्द येलमध्येच याचा शोध घेतला गेला, आणि असा अभ्यास कधी झाल्याचा मागमूस लागला नाही. तरी एका पुस्तकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात ती उतरतच आहे. मी मात्र एक नियम करून टाकला आहे. ज्या पुस्तकात ही गोष्ट खरी म्हणून सांगितली असेल ते ग्रंथालयासाठी घ्यायचे नाही. ज्याने ही एक गोष्ट तपासली नाही, त्याने बाकीच्या तरी कशाला तपासल्या असतील?

खरे अभ्यास झालेले नाहीत असे मात्र नाही. एडविन लॉक या मानसशास्त्रज्ञाचा ध्येयावरचा निबंध १९६८ सालचा. पुढे गॅरी लॅथम त्यांना येऊन मिळाले. लॅथम यांचा एक प्रयोग १९७५ साली प्रसिद्ध झाला, तो मला वर्गात सांगायला आवडतो, कारण गळीत हंगामात उसाच्या गाड्या पाहिलेल्या मुलांना तो चटकन कळतो. ओक्लाहोमा राज्यात जंगलातली लाकडे ट्रकमधून नेत. कायद्याने जेवढे वजन चालते त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच माल ट्रकवाले भरीत. ‘होईल तेवढे भरा’ असे सांगून काही उपयोग होईना. मग त्यांना नेमका आकडा दिला: ९४ टक्के. जादा पैसे नाहीत, शिक्षेचा धाक नाही. काही महिन्यांत भरणा नव्वद टक्क्यांच्या घरात गेला. ‘मनापासून प्रयत्न कर’ यापेक्षा नेमका आणि थोडा अवघड आकडा माणसाला अधिक हलवतो, हे लॉक-लॅथम यांचे म्हणणे पुढे शेकडो प्रयोगांनी उचलून धरले.

पण यातली मेख पुष्कळ पुस्तके सांगत नाहीत. ट्रक कसा भरायचा, हे त्या माणसांना येत होते! काम अंगवळणी पडलेले होते, म्हणून आकडा कामाला आला. काम नवे असेल, गुंतागुंतीचे असेल, तर आकड्याचे ध्येय माणसाला गोंधळवते. तिथे आधी शिकण्याचे ध्येय ठेवावे, असे याच अभ्यासकांचे पुढचे सांगणे आहे. ज्याने कारखाना आतून पाहिलेला नाही त्याने ‘पाच वर्षांत एक कोटी’ असे भिंतीवर लिहून उपयोग नाही. ‘सहा महिन्यांत तीन कारखान्यांचा जमाखर्च समजून घेईन’ हे त्याचे ध्येय. आणि वरून लादलेला आकडा तर माणसाला लबाडीही शिकवतो. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने एकेका ग्राहकाच्या गळ्यात आठ-आठ खाती बांधण्याचा धोशा लावला. बिचाऱ्या कर्मचाऱ्यांनी काय केले? ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडून टाकली. २०१६ साली बँकेला साडेअठरा कोटी डॉलरचा दंड झाला. ध्येय मात्र तोवर कागदोपत्री उत्तम चालले होते.

इतके सगळे मी शिकले ते एका माजी विद्यार्थ्यामुळे. त्याचे नाव सांगत नाही, गावही नाही. नारायणगावपासून फार लांब नाही एवढे पुरे. २०२३ च्या जुलैतली गोष्ट. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटला दोन हजार रुपयांच्या वर भाव गेला होता. जुन्नरच्या शेतकऱ्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकत होती. या मुलाच्या घरी एक एकर टोमॅटो होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच घरात हातात धरण्याजोगा पैसा आला होता. त्याच सुमारास त्याच्या हाती एका अमेरिकन लेखकाच्या पुस्तकाचा मराठी अनुवाद पडला. कर्ज ही शिडी आहे, भीती हा शत्रू आहे, घरच्या माणसांच्या शंका या पायातल्या बेड्या आहेत, असा त्यातला उपदेश. झाले! टोमॅटोचा गर काढण्याचा कारखाना टाकायचा, त्यासाठी विहिरीखालची सगळी जमीन तारण ठेवायची, असे त्याने ठरवून टाकले. कागद तयार झाले. फक्त वडिलांची सही व्हायची होती.

त्याची आई एका दुपारी मला शोधीत महाविद्यालयात आली.

“बाई, तुमचाच विद्यार्थी हाये तो,” ती म्हणाली. “आमचं ऐकत नाय. म्हणतो, तुम्ही भित्री माणसं. त्याला पुस्तकात तसं लिवलंय म्हणं.”

मी म्हटले, “मावशी, कारखान्यातलं मला काही कळत नाही. पण पुस्तकातलं कळतं. त्याला पुस्तक घेऊन पाठवा.”

दुसऱ्या दिवशी तो आला. मी त्याला उपदेश केला नाही. नुसते प्रश्न विचारले आणि उत्तरे पुस्तकातच शोधायला लावली. लेखकाने स्वतः कोणता कारखाना चालवला? तोटा कोणत्या साली आला? किती आला? तो कोणी भरला? तो अर्धा तास पाने चाळत बसला होता. शेवटी म्हणाला, “मॅडम, ह्याच्यात गोष्टी आहेत. आकडा एकपण नाही.”

“मग तुझ्या घरचे आकडे काढ,” मी म्हटले. “पाच वर्षांत टोमॅटोवर काय लागलं आणि काय सुटलं?”

त्याला ते ठाऊक नव्हते. वडिलांनाही नव्हते. ठाऊक होते ते आईला! दरवर्षीच्या कालनिर्णयाच्या पानांच्या मागच्या बाजूला ती माउली लिहून ठेवीत आली होती: अमुक तारखेला इतके क्रेट गेले, इतका भाव लागला, हमाली इतकी, खताच्या दुकानात इतके दिले, इतके राहिले. जुनी कालनिर्णये तिने फडताळात गुंडाळून ठेवली होती. मायलेकरांनी बसून ती पाच वर्षे एका वहीत उतरवली. निघाले ते असे: भरभराटीचे वर्ष एकच, तेही डोळ्यांसमोरचे. एका वर्षी खर्च निघून थोडे उरले होते. बाकीच्या तीन वर्षांत खताच्या दुकानाची बाकी पुढच्या वर्षात ढकललेली. हे उतरवून होते आहे तोच सप्टेंबर उजाडला आणि भाव असे कोसळले की तोडणीची मजुरी निघेना. शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले, तेही आपण वर्तमानपत्रांत पाहिले आहे.

वही पुरी झाल्यावर मुलाचा प्रश्न बदलला, ही मला सगळ्यांत मोलाची गोष्ट वाटते. ‘कारखाना कसा काढू?’ हे तो विसरला आणि विचारू लागला, ‘आमच्या गावात या पाचही वर्षांत पैसे कोणाला सुटले?’ उत्तर गावातच होते. पिकअप भाड्याने देणाऱ्याला सुटले, आणि रोपे विकणाऱ्याला. भाव चढोत की पडोत, लावणीला रोपे लागतातच. मग त्याने रोपवाटिका काढायचे ठरवले. पण आधी एक हंगाम दुसऱ्याच्या रोपवाटिकेत रोजंदारीवर काम करायचे. वडिलांना ते लागले. पदवीधर मुलाने दुसऱ्याच्या दारी ट्रेमध्ये कोकोपीट भरत बसायचे? आठ दिवस घरात कोणी कोणाशी बोलत नव्हते.

त्याने नव्या वहीत लिहिलेले ध्येय मी वाचले आहे. ‘येत्या जूनपर्यंत दुसऱ्याच्या वाटिकेत काम. विहिरीखालची जमीन तारण ठेवायची नाही. पहिल्या वर्षी दहा गुंठे, जास्त नाही.’ तीन वाक्ये, आणि त्यांतली दोन नकाराची. मी बी.ए.च्या पुष्कळ उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. इतके नेटके मराठी क्वचित वाचायला मिळते.

त्या हंगामात रात्री तो वाचीत असे. त्याला कोणती पुस्तके दिली, असे मला बरेच जण विचारतात. सांगायला हरकत नाही.

पहिले दिले ते किर्लोस्करांचे. शंतनुराव किर्लोस्करांचे आत्मचरित्र आहे, लक्ष्मणराव किर्लोस्करांवरही लिहिले गेले आहे, काहीही घ्या. बेळगावात सायकलींचे दुकान चालवणाऱ्या या गृहस्थाने आधी कडबा कापण्याची यंत्रे केली, मग लोखंडी नांगर केला. शेतकरी नांगर घेईनात. लोखंडाने जमीन नासते, अशी त्यांची समजूत! पहिले मोजके नांगर खपायला दोन वर्षे लागली. पुढे १९१० साली औंध संस्थानच्या आश्रयाने कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, ते आपण सर्व जाणतो. पण माझ्या विद्यार्थ्याला मी सांगितले, किर्लोस्करवाडी नंतर वाच. ती दोन वर्षे आधी वाच. माल तयार आहे, गिऱ्हाईक नाही, अशा दोन वर्षांत माणूस काय करतो, कोणाकडे जातो, काय विकून दिवस काढतो? धंद्याच्या पुस्तकात वाचण्याजोगे असते ते हेच. जाता जाता सांगते, ज्या ‘किर्लोस्कर’ मासिकाने मराठी घरांत उद्योगाची भाषा आणली तेही १९२० साली कारखान्याचे ‘किर्लोस्कर खबर’ म्हणूनच निघाले होते.

विठ्ठल कामतांचे ‘इडली, ऑर्किड आणि मी’ त्याने आपणहून नेले. पुस्तक कमालीचे खपले आहे आणि खपणाऱ्या पुस्तकांविषयी आम्हा मराठीच्या मंडळींना एक उपजत संशय असतो. पण कर्जाच्या ओझ्याखाली आलेले निराशेचे दिवस लेखकाने त्यात झाकून ठेवलेले नाहीत. तोट्याचे पान सापडते की नाही, ही माझी दुसरी चाळणी. पुस्तक हाती घेतले की मी ते पान शोधते. नसेल तर परत फळीवर.

तिसरे, वर्गीस कुरियन यांचे ‘माझंही एक स्वप्न होतं’. आमच्या दोन्ही तालुक्यांत दुधाचे महत्त्व सांगायला नको. मंचरजवळ अवसरी फाट्याला तर १९९२ पासून ‘पराग’चा मोठा दूधप्रकल्प उभा आहे. पण हे पुस्तक मी दुधासाठी सुचवीत नाही. कुरियन १९४९ साली आणंदला गेले ते स्वप्न घेऊन गेले नाहीत. सरकारी शिष्यवृत्तीची अट पुरी करायला गेले आणि केव्हा एकदा सुटतो असे त्यांना झाले होते. ध्येय त्यांना कामात सापडले. आधी ध्येय ठरवा, मग कामाला लागा, असे ठासून सांगणाऱ्या पुस्तकांवर हा मोठा उतारा आहे. वीस वर्षांच्या पोराला आपले आयुष्याचे ध्येय लिहायला लावणे मला तर क्रूरपणाच वाटतो. वर्षाचे लिहू दे.

याच पुस्तकातले काही भाग मी आंबेगावच्या पश्चिम भागातल्या एका महिला बचत गटात वाचून दाखवले. भीमाशंकरकडचा हा डोंगर. भात आणि हिरडा यांवर जगणारा. कोवळा बाळहिरडा झाडावरून काढायचा, वाळवायचा आणि विकायचा, ही इथल्या घरांची रोख रक्कम. जून २०२० मधल्या निसर्ग चक्रीवादळाने त्यांची हिरड्याची झाडे मोडली. झाडाला पुन्हा फळ धरायला किती वर्षे लागतात, हे पुस्तकात नसते. त्या बायकांना मी विचारले, गटाचे वर्षाचे ध्येय काय? मला वाटले होते, रुपयांत उत्तर येईल. एक जण म्हणाली, “पावसाळा लागायच्या आत चार महिन्यांचं धान्य घरात. ते झालं की मग धंद्याचं बोलू.” आणंदच्या गोष्टीतले त्यांना काय आवडले म्हणाल, तर दूध घालणाऱ्याला माप आणि पैसे रोजच्या रोज समजतात, हे. हिरड्याचे माप व्यापाऱ्याच्या काट्यावर होते. गटाने पुढच्या हंगामाआधी स्वतःचा वजनकाटा घेतला. ते पैसे कशातून काढायचे यावरून दोन बैठका भांडणात गेल्या, हेही सांगितले पाहिजे.

इंग्रजी वाचू शकणाऱ्यांना मी पीटर ड्रकर सुचवते. ‘द प्रॅक्टिस ऑफ मॅनेजमेंट’ १९५४ चे. उद्दिष्टे ठरवून कारभार करण्याची भाषा त्याने रूढ केली. पण मला अधिक उपयोगाचे वाटते ते त्यानंतरचे ‘द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह’. बेत आखण्याच्या आधी आपला वेळ कुठे जातो ते लिहून काढा, असे ड्रकर बजावतात. किती साधे आणि किती अवघड! मी आठ दिवस लिहून पाहिले. कोणत्या कामाला किती तास गेले ते इथे छापण्याजोगे नाही. पैकी बैठकांचे तास तर मुळीच नाही.

अनुभवी वाचकालाही चकवणारी एक जात म्हणजे ‘थोर कंपन्यांची रहस्ये’ सांगणारी. जिम कॉलिन्स यांचे ‘गुड टू ग्रेट’ २००१ साली निघाले. लेखक मेहनती, पुस्तक वाचनीय. चांगल्याच्या थोर झालेल्या अकरा कंपन्या त्यांनी निवडल्या. त्यांतली सर्किट सिटी २००८ साली दिवाळखोरीत निघाली आणि पुढच्या वर्षी बंद पडली. फॅनी मे ही संस्था त्याच २००८ मध्ये सरकारला ताब्यात घ्यावी लागली. म्हणून असली पुस्तके फेकून द्यावीत असे नव्हे. दहा वर्षे मुरू द्यावीत. लोणच्यासारखीच ती नंतर कळतात.

आणि हो, मुलांच्या मनातला एक घोटाळा दूर करते. ‘मित्र जोडण्याचे’ १९३६ सालचे पुस्तक लिहिणारे डेल कार्नेगी आणि पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांचा काडीचा संबंध नाही. नेपोलियन हिल यांचे १९३७ चे ‘थिंक अँड ग्रो रिच’ मात्र स्वतःला पोलादसम्राटाच्या सल्ल्याचा वारस म्हणवते. पण कार्नेगींच्या चरित्रकाराला त्या दोघांची भेट झाल्याचा पुरावा मिळालेला नाही.

तिसरी चाळणी माझ्या विषयाची: भाषा. हल्ली अनुवाद घाईघाईने होतात. वाक्य मराठीत उभे राहत नसले की समजावे, अनुवादकाला विचार कळलेला नाही. मग वाचकाला कुठून कळणार? ‘कम्फर्ट झोन सोडा’ असे पानोपानी वाचून एका विद्यार्थिनीने मला विचारले, “मॅडम, आमची आई पहाटे चार वाजता टोमॅटो तोडायला जाते. तिने कोणता झोन सोडायचा?” मला उत्तर देता आले नाही; पुस्तकालाही आले नसते.

माझ्याच कपाटातले एक पुस्तक मी धंद्याच्या पुस्तकांत धरते, आणि त्यावरून आमच्या विभागात वादही होतो. ते म्हणजे महात्मा फुल्यांचे ‘शेतकऱ्याचा असूड’. १८८३ सालचे. शेतकऱ्याच्या हातात आलेला पैसा कोणकोणत्या वाटांनी जातो, सारा, कर्ज, कोर्टकचेरी, धर्मकार्ये, याचा इतका कठोर हिशेब मराठीत दुसऱ्या कोणी मांडलेला मला माहीत नाही. शिवाय पुढे काय करावे तेही आहे: बंधारे बांधा, जनावरांची पैदास सुधारा, पिकांची प्रदर्शने भरवा, बक्षिसे द्या. फुले स्वतः बांधकामाची कंत्राटे घेणारे गृहस्थ होते, हे विसरू नये. नावेची बाजू कशी लिहावी, हे ज्याला शिकायचे असेल त्याने तिथे जावे. त्याआधी १८४९ साली लोकहितवादींनी ‘लक्ष्मीज्ञान’ लिहिले होते, पण ते आता अभ्यासकांनीच वाचावे. विद्यार्थ्यांवर ते लादण्याचा अट्टहास मी करीत नाही.

वर्षाला किती पुस्तके वाचावीत, असेही विचारतात. महिन्याला चार वाचल्याची बढाई मारणारे मला भेटले आहेत; त्यांचा धंदा मात्र पाहायला मिळाला नाही. धंद्याचे पुस्तक वर्षाला दोन-तीन पुरेत. हातात पेन्सिल, शेजारी आपली वही. जो प्रश्न घेऊन पुस्तक उघडले त्याचे उत्तर मिळाले की बंद करावे, शेवटापर्यंत वाचलेच पाहिजे असे नाही. कादंबरी अर्धवट टाकली तर मला राग येतो. हे पुस्तक टाकले तर येत नाही.

तो मुलगा पुढे लखपती झाला, असे सांगता आले असते तर लेख कसा छान संपला असता! त्याची रोपवाटिका चालू आहे, दहाच गुंठे. रोपे चांगली होतात, जातातही. अडले आहे ते वसुलीपाशी. रोपे नेणारे भावकीतले, आईच्या माहेरचे, बांधाला बांध असलेले. माल निघाला की देतो म्हणतात. माल निघतो तेव्हा भाव नसतो. मामाकडे रोपांचे पैसे कसे मागायचे? यंदा त्याने आमच्या मागणीवहीत येऊन लिहिले: ‘विषय: उधारी’.

मी पुण्यात अप्पा बळवंत चौकापर्यंत शोधून आले. इंग्रजीत या विषयावर जाडजूड ग्रंथ आहेत, पण त्यांतल्या देणेकऱ्यांना भावकी नाही. शेवटी ओतूरच्या एका वयोवृद्ध आडत्यांना विचारले. उभी हयात कांद्याच्या उधारीत गेलेली. ते हसले आणि म्हणाले, “बाई, ते लिहून ठेवलं असतं तर पुन्हा आमच्या दारात कोण आलं असतं? पोराला पाठवून द्या. आठ दिवस गादीवर बसू दे.”

भाऊबीज झाली की तो जाणार आहे. ग्रंथपालांनी ती नोंद अजून खोडलेली नाही. लेखकाच्या रकान्यात काय लिहू, असे ते परवा मला विचारीत होते.